मागची बाजू

१

पापडीच्या चर्चवरून आत येणारा रस्ता जिथे केळीच्या वाड्यांत शिरतो, तिथे प्रिस्काचं घर. पुढच्या खोलीत पार्लर, मागे संसार. बावीस वर्षं तिने गावातल्या बायकांचे केस कापले, धुतले, रंगवले. कुणाचे केस खरोखर किती पांढरे आहेत हे एक तिला ठाऊक होतं आणि एक देवाला, आणि दोघंही कुणाला सांगत नव्हते.

यंदा जूनमध्ये तिने मशीन घेतलं. या मशीनला ब्रश नाही की वाटी नाही. एका नळीतून रंगाचं बारीक धुकं निघतं आणि निघतानाच त्याला वीज दिलेली असते. गिऱ्हाइकाने हातात स्टीलची एक दांडी धरायची. दांडीची वायर मशीनमधून अर्थिंगला जाते. मग ते धुकं आपोआप केसांकडे ओढलं जातं आणि प्रत्येक केसाला चारी बाजूंनी बसतं. दांडी धरली की मशीनवर हिरवा दिवा लागतो. सोडली की दिवा विझतो आणि धुकं बंद.

मशीन घेतलं ते खरं तर एलिसासाठी, म्हणजे एकुलत्या एका लेकीसाठी. एलिसाच्या डोक्याला रंग सोसत नसे. कॉलेजात असताना मैत्रिणीने ब्रशने रंग लावून दिला, तर टाळूवर पाण्याचे फोड उठले होते. या मशीनने रंग कातडीला लागत नाही असं विकणाऱ्याने सांगितलं आणि नवल म्हणजे ते खरं निघालं. एलिसाचं लग्न नाताळनंतरच्या रविवारी ठरलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विनिता पार्लरमध्ये आली. बँकेत नोकरी करणारी, जुनी गिऱ्हाईक, बोलायला गोड. आल्या आल्या तिने मोबाइल पुढे केला. पुतण्याच्या बाप्तिस्म्याला कुणीतरी मागून फोटो काढला होता. विनिताचे सगळे केस छान तपकिरी आणि मागे, डोकं उशीला टेकतं त्या जागी, तळहाताएवढा पांढरा ठिपका. समोरून मी हिरॉईन आणि मागून माझी आजी, असं ती हसत म्हणाली. प्रिस्काही हसली, फुकट करून देते म्हणाली आणि तिने तिरक्या नजरेने मदतनीस स्वप्नाकडे पाहिलं.

२

स्वप्ना गोखिवऱ्याहून यायची. चार वर्षं हाताखाली होती, हात हलका, चालायचाही भरभर. आतापर्यंत तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्याच आठवड्यात आणखी तिघी आल्या. तिघींचं तेच. पुढून झकास, मागे पांढरं, आणि तेही नेमक्या त्याच जागी.

प्रिस्काच्या मनात पाल चुकचुकली. या धंद्यातला आळस कुठे लपतो हे तिला चांगलं माहीत होतं. गिऱ्हाइकाला स्वतःची मागची बाजू दिसत नाही. हातातला आरसा पटकन दाखवून पटकन काढून घेतला की झालं. शिवाय रंगाची बाटली पूर्वीपेक्षा लवकर संपत होती. मागे रंग लावायचा नाही आणि बाटली तर रिकामी, मग रंग जातो कुठे? गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये शेजारणींचे केस रंगवायला, दुसरीकडे कुठे.

एकदा संशय बसला की माणसाला सगळं त्याच रंगाचं दिसतं. स्वप्नाची पर्स जरा मोठी वाटू लागली. ती डबा खायला मागच्या ओट्यावर बसायची, तेही खटकू लागलं. प्रिस्का आरशातून तिच्यावर डोळा ठेवू लागली. स्वप्नाच्या ते ध्यानात आलं आणि ती गप्प गप्प राहू लागली. गप्प झाली म्हणजे चोरच, असं प्रिस्काने धरलं.

शेवटी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना प्रिस्काने तिला विचारलंच.

"आंटी, मी मागे तीन-तीनदा नळी फिरवते," स्वप्ना म्हणाली. "धुकं बसतच नाही. वळतं."

"वळतं म्हणजे?"

"त्या दुसऱ्या खुर्चीकडे जातं. खिडकीजवळच्या. रिकामी असते ना, तिच्याकडे. मला वाटलं हवेने जातं, म्हणून मी खिडकी पण लावून घेतली. तरी तेच. तुम्ही एकदा माझ्या जागी उभ्या राहून बघा ना."

प्रिस्का खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली. काळं रेक्झिन लख्ख होतं. इतका रंग तिकडे गेला असता तर निदान एक डाग दिसला असता. ती तसं म्हणाली, आणि पर्सचंही म्हणाली, जे म्हणायला नको होतं. स्वप्नाने अॅप्रन काढून त्याची घडी घातली, तो काउंटरवर ठेवला आणि ती निघून गेली. रडली नाही की भांडली नाही. त्यामुळे प्रिस्काला जास्तच राग आला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडलं तेव्हा मशीनवरचा हिरवा दिवा लागलेला होता. दांडी आपली हुकला लटकत होती आणि जवळ कुणी नव्हतं.

मशीन विकणारा कल्पेश गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातून धंदा करायचा. तासाभरात तो आला. मागचा पत्रा उघडला, मीटर लावून पाहिलं, घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. दिवा विझला. त्याने पत्रा बसवला आणि दिवा परत लागला.

"मॅडम, मशीन ठीक आहे," तो म्हणाला. "दिवा खोटं बोलत नाही. दांडीच्या वायरला कुठून तरी अर्थ मिळतोय. कुणीतरी धरल्यासारखं."

"मला तर कशाचाच अर्थ लागत नाही," प्रिस्का म्हणाली. कल्पेशला विनोद कळला नाही. तिने तो केलाही नव्हता.

वायर हाताने चाचपत तो दांडीपर्यंत आला आणि थांबला. दांडीच्या मुळाशी तांब्याचा एक दातरी चिमटा अडकवलेला होता, बॅटरी चार्जरचा असतो तसा. हा कंपनीचा नाही, हा कुणी लावला, आणि ही वायर कधी दुसऱ्या कशाला जोडली होती का, असं त्याने विचारलं.

प्रिस्का म्हणाली, माहीत नाही. त्या मुलीने लावला असेल.

चिमटा प्रिस्कानेच लावला होता. तो काढायचं राहून गेलं होतं एवढंच.

४

क्लेमेंटीन टीचरनी अर्ध्या पापडीला बाराखडी शिकवली होती, प्रिस्काला पण. एक्क्याऐंशी वर्षांच्या झाल्या तरी त्यांचा पांढरा केस कुणी पाहिला नव्हता. एकदा केस रंगवून घेताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "मला पेटीत पांढरी ठेवू नको हं, प्रिस्का." प्रिस्काने हो म्हटलं होतं. असल्या गोष्टीला माणूस हो म्हणतोच.

सप्टेंबर संपता संपता टीचर गेल्या. शेवटचे दोन महिने अंथरुणात, त्यामुळे डोकं कापसासारखं झालेलं. अकरा वाजता त्यांच्या मुलाचा, गॉडफ्रेचा फोन आला. चारला चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा होती. प्रिस्काने रिक्षात मशीन घातलं आणि गेली.

टीचरना तोवर लग्नातली साडी नेसवून झाली होती. हात छातीवर जुळवून बोटांत रोझरीची माळ गुंडाळली होती. प्रिस्काने दांडी हातात द्यायचा प्रयत्न केला, पण बोटं काही दांडी धरेनात. माळ सोडवायला कोण सांगणार? तेवढ्यात तिला दिसलं की माळेची साखळी चांदीची आहे. गॉडफ्रेच्या बॅटरी चार्जरचा चिमटा मागून घेतला, एक टोक दांडीला, दुसरं माळेच्या क्रूसाजवळ. दिवा लागला. आपल्या डोक्याचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं.

कपाळावरचे केस झाले, भांग झाला, कानांवरचे झाले. मागचे करायचे तर टीचरना उठवून धरायला चौघी बायका लागणार, आणि पावणेतीन वाजले होते. बाहेर फुलं आली होती. मागचं कोण बघतंय, असं प्रिस्का स्वतःशीच म्हणाली. उशीची लेस जरा वर ओढली आणि चिमटा माळेवरून काढला.

पेटीत टीचर साठीच्या दिसत होत्या. जो तो तेच म्हणाला. गॉडफ्रेने प्रिस्काचे हात हातात घेतले आणि त्याला रडू आलं. प्रिस्काने ते कौतुक घेतलं. माळ टीचरच्या हातात तशीच राहिली आणि त्यांच्याबरोबर मातीत गेली.

ज्या गोष्टीसाठी आपण स्वप्नाला घालवलं, नेमकी तीच गोष्ट आपण केली आहे, हे प्रिस्काला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि फोन उचलून माफी मागणं वेगळं. तिने फोन केला नाही.

५

आता संशय घ्यायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो खोलीवर आला.

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. त्या वेळात हुकवरची दांडी मधूनच पत्र्याला लागायची. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. पंखा बंद केला तरी टक्. प्रिस्काने हुकभोवती रबर गुंडाळलं. आवाज थांबला, आणि थांबल्यावर तिला कळलं की आपण त्याची वाट बघतोय. ते जास्त वाईट होतं.

तिने पद्धतशीर तपास करायचं ठरवलं. खिडकी लावली, दाराखाली टॉवेल कोंबला, पंखा, एसी सगळं बंद. डाव्या हातात दांडी घेतली आणि उजव्या हाताने नळी स्वतःच्या वेणीकडे धरली. आरशात तिने पाहिलं. धुकं वेणीपर्यंत आलं, क्षणभर थबकलं आणि सरळ रेषेत खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेलं. बसलेल्या माणसाचं डोकं जेवढ्या उंचीवर असतं, तेवढ्या उंचीवर जाऊन ते दिसेनासं झालं. खाली सांडलं नाही की भिंतीवर उडालं नाही. तिने खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. तळव्याला काही लागलं नाही, पण मनगटावरची लव उभी राहिली.

स्टॅटिक असेल. थंडीत हवा कोरडी होते, स्वेटर काढताना नाही का तडतड होत. रेक्झिनला वीज धरून ठेवायची खोड असते. तिने ती खुर्ची ओढत व्हरांड्यात नेऊन ठेवली, आत आली आणि पुन्हा नळी चालू केली.

धुकं त्याच जागी गेलं. खुर्ची नव्हती तरी तिथेच, तेवढ्याच उंचीवर.

प्रिस्काने नळी बंद केली. मग तिने खुर्ची परत आत आणून होती तिथे ठेवली. कुणाला तसं ताटकळत ठेवणं तिला बरं वाटेना.

६

लग्नाला तीन दिवस राहिले. प्रिस्काने एलिसाला सुचवून पाहिलं की रंग राहू दे, तुझे काळे केस काय वाईट आहेत. एलिसाने ऐकलं नाही. पोरगी हट्टी, आणि हट्टाला कारण पण होतं. लग्नाच्या मिस्सेला नवरीचं तोंड दिसतं ते फादरना. अख्ख्या गावाला तास-दीड तास दिसते ती पाठ. डोक्यावरून पातळ जाळीचं नेट, आत अंबाडा, आणि त्या अंबाड्याला तांबूस झाक हवी, असं तिने वर्षभर आधी ठरवलं होतं. दुसऱ्या पार्लरमध्ये गेली तर तिथे ब्रश, म्हणजे पुन्हा फोड. आणि आईचंच पार्लर असताना नवरी दुसरीकडे गेली, तर गाव काय म्हणेल ते वेगळंच.

दुपारी तीनला प्रिस्का स्वयंपाकघरात कॅटररशी फोनवर बोलत होती. बाहेर आली तर एलिसा खुर्चीत बसलेली, गळ्याभोवती कापड बांधलेलं, हातात दांडी. मोबाइलवर गाणं लावून तिने डोळे मिटले होते. दिवा हिरवा.

पटकन उरकू, प्रिस्काने मनाशी म्हटलं. पुढचे केस सुरेख झाले. उन्हात धरल्यावर दिसतो तसा तांबूस रंग एकेका केसाला चढला. कानांवरचे झाले. मग ती मागे आली.

धुकं वळलं. तिने नळी अगदी जवळ नेली तरी ते वळलं. आणि जाताना रिकामं गेलं नाही. डोकं उशीला टेकतं त्या जागी एलिसाचे केस काळेभोर होते. पहिल्या फेरीला ते राखाडी झाले. घाबरून प्रिस्काने तीच जागा पुन्हा केली, तर पांढरे झाले, मुळापासून टोकापर्यंत. सव्वीस वर्षांच्या पोरीचे. पांढरा ठिपका रुपयाएवढा होता तो बघता बघता वाटीएवढा झाला.

प्रिस्काने नळी बंद केली. ठिपका वाढायचा थांबला नाही.

"मम्मी, ओढू नको ना केस," एलिसा डोळे न उघडता म्हणाली.

प्रिस्काचे दोन्ही हात नळीवर होते.

तिने एलिसाच्या हातातली दांडी काढून घेतली. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले. आत जा, गरम पाण्याने डोकं धू आणि मी हाक मारेपर्यंत बाहेर येऊ नको, असं तिने सांगितलं. लग्नघरातल्या आया अशाच वागतात म्हणून एलिसा कुरकुरत उठली आणि आत गेली. न्हाणीघरात पाणी वाजू लागलं. दांडी प्रिस्काने नुसती टोकाला, प्लास्टिकच्या मुठीला धरली होती, स्टीलला तिचा हात नव्हता. तरी दिवा हिरवाच होता.

७

आता काय करायचं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं.

ती खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली. दांडी खुर्चीच्या हातावर ठेवली, ठेवली तशी ती तिथेच स्थिर राहिली, घरंगळली नाही. प्रिस्का खुर्चीच्या मागे उभी राहिली. तिला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, आणि आतल्या पाण्याच्या आवाजापुढे दोन्हींचं काही चालत नव्हतं.

"टीचर, चुकलं माझं," ती म्हणाली. "घाई केली मी. बसा. करून देते नीट."

तिने नळी सुरू केली. धुकं खुर्चीच्या पाठीवर गेलं आणि या वेळी दिसेनासं झालं नाही. हवेत एक बट उमटली. तिच्या शेजारी दुसरी. उशीने दाबून चपटे झालेले, पांढरे, म्हाताऱ्या माणसाचे केस एकेक करत रंग पिऊ लागले. मान नव्हती. खांदे नव्हते. नुसते केस, पण डोक्यावर असतात तसे गोलाकार. प्रिस्काने फणी घेतली. फणीला केस लागले. तिने भाग पाडले, चिमटे लावले, एक एक थर उचलून खालून वरून रंग दिला. इतकं मन लावून तिने लेकीचे केसही कधी रंगवले नव्हते. बाटली संपली, तिने दुसरी जोडली. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही.

संपलं तेव्हा मागे एकही पांढरा केस नव्हता. हात सवयीचा गुलाम, तो आपसूक हातआरशाकडे गेला. गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायचीच असते. तिने आरसा मागे धरला, आणि आरसा धरला की भिंतीवरच्या मोठ्या आरशात बघावंच लागतं, त्याशिवाय कोन जमत नाही.

तिला भांग दिसला. पेटीचं झाकण लागलं तेव्हा तो भांग काळाभोर होता, तिने स्वतः केला होता. आता त्याच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, दोन बोटं पांढरं वाढलेलं होतं.

त्याच्या खाली तिने नजर जाऊ दिली नाही.

दिवा विझला. आतलं पाणी बंद झालं आणि एलिसाची हाक आली. मम्मी, मागचं पण मस्त आलंय गं, अंबाड्याला एकदम बरोबर. प्रिस्काने टेबलाची कड धरली. काळजावरचा दगड उतरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पोर वाचली, लग्न नीट होईल, आणि उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे स्वप्नाला फोन. हे सगळं तिने एका श्वासात ठरवलं. मग पाठ फिरवून नळी पुसायला घेतली, कारण रंग वाळला की नळी चोंदते.

मागे दाराची कडी हलली.

"येते हं, प्रिस्का," दाराशी कुणीतरी म्हणालं. आवाज रोजच्यासारखा, जरा थकलेला.

"या, टीचर," प्रिस्का म्हणाली.

बोलून झाल्यावर तिचा हात नळीवर तसाच राहिला. तिने मान वळवली तेव्हा व्हरांड्यात कुणी नव्हतं, आणि ओलं डोकं टॉवेलने पुसत एलिसा विचारत होती की कोण आलं होतं. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणायचं नसतं, 'या' म्हणायचं असतं. हे प्रिस्काला पहिलीत, फळ्यासमोर उभं करून, टीचरनीच शिकवलं होतं.